चाळीस दिवसांपुढचं आभाळ

मी चक्रीवादळांचा अभ्यास करते असं सांगितलं की सांगलीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इथं कुठलं आलंय वादळ?" प्रश्न रास्त आहे. सांगलीपासून समुद्र सरळ रेषेत सव्वाशे-दीडशे किलोमीटर, आणि मध्ये सगळा सह्याद्री. आमच्याकडं संकट म्हणजे कृष्णा. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर गेलेलं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना संकट काय असतं हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. कृष्णा नसेल तर दुष्काळ: जत, आटपाडी, कवठेमहांकाळ. वादळ ही कोकणची गोष्ट, ओडिशाची, फार तर गुजरातची.

पण माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षबागेतलं. तिथल्या कुठल्याही जुन्या बागायतदारापाशी नुसतं 'फयान' म्हणा. ११ नोव्हेंबर २००९. ते वादळ किनाऱ्याला लागलं अलिबाग-मुंबईच्या बाजूला, पण त्याचा हिशेब आमच्याकडच्या घरांत अजून निघतो. कुणाची त्या सालची बाग गेली, कुणाचं सोसायटीचं कर्ज तेव्हापासून फिरत राहिलं. वादळाचा डोळा कुठून गेला यावर नकाशा काढतात. वादळानं कुणाचं काय नेलं यावर काढायला गेलं तर तो नकाशा फार मोठा होईल, आणि त्यात घाटाच्या अलीकडची पुष्कळ गावं येतील.

२०१९ ची दिवाळी मी गावीच होते. ऑगस्टच्या महापुरातून नदीकाठ अजून सावरला नव्हता, आणि ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. आमची बाग फुलोऱ्यात होती. द्राक्षाचं फूल कुणाच्या नजरेत भरणारं नसतं. बारीक हिरवी कळी, तिच्यावर पाकळ्या जुळून झालेली एक टोपी. ती टोपी सुटून पडते, आतले पुंकेसर मोकळे होतात आणि थोड्याच दिवसांत मणी धरायला सुरुवात होते. तेवढे दिवस आभाळ कोरडं लागतं. ओल राहिली तर टोपी सुटत नाही, चिकटून बसते. घडाच्या बेचक्यांत पाणी थांबतं आणि घड आतूनच कुजायला लागतो.

तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, एक पान उलटं करून माझ्यापुढं धरलं. वरच्या अंगाला तेलकट पिवळा डाग, आणि बरोबर त्याच्याखाली, पानाच्या पाठीवर, पांढरी लव. दावण्या, द्राक्षाचा बुरशीचा रोग. त्यांनी पान खाली टाकलं नाही, खिशात घातलं. बागेत पडलं तर बुरशी आणखी पसरेल म्हणून. गावात त्या दिवसांत रात्रभर ट्रॅक्टरचे आवाज येत होते. फवारलेलं धुऊन जात होतं, तरी लोक फवारत होते. काहींनी टाकीत औषध न घालता ब्लोअरची नुसती हवा घडांवर सोडली, निदान पाणी तरी झडावं म्हणून. ज्यांच्या रानात चाक रुतत होतं त्यांनी पाईप खांद्यावर घेतले आणि ओळीओळीनं चालत निघाले.

माझ्या मोबाईलवर त्या वेळी उपग्रहाचं चित्र होतं. अरबी समुद्रात क्यार, मधोमध स्वच्छ डोळा, चहूकडून गच्च ढगांचं वर्तुळ. २००७ च्या गोनूनंतरचं अरबी समुद्रातलं पहिलंच महाचक्रीवादळ. तात्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं.

"कुठं निघालंय त्ये?"

"ओमानच्या बाजूला, तात्या."

"मग तकडं जाऊ दे की. हितं आमच्या डोस्क्यावर का वततंय?"

मी वादळांबद्दल जे काही वाचलं, मोजलं, शिकवलं, त्यात याहून नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही.

उत्तर असं आहे. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलटे फिरतात. वादळाचं केंद्र आपल्या पश्चिमेला, समुद्रात असलं की त्याच्या उजव्या अंगाचे वारे दक्षिणेकडून उत्तरेला वाहतात आणि समुद्रावरचं बाष्प घेऊन कोकणावर, घाटावर, पुढं आमच्या पठारावर येतात. क्यार ओमानकडं वळायच्या आधी, २५ ऑक्टोबरच्या सुमारास, रत्नागिरीच्या पश्चिमेला जेमतेम २०० किलोमीटरवर होतं. तिथून आमच्या शिवारापर्यंत बाष्प यायला वादळानं जमिनीवर पाऊल टाकायची गरजच नव्हती. क्यार शेवटी कुठल्याच किनाऱ्याला लागलं नाही, भर समुद्रात विरलं. जगाच्या यादीत ते फारशी हानी न करणारं वादळ म्हणून नोंदलं गेलं असेल. ते विरतंय तोवर लक्षद्वीपच्या बाजूनं 'महा' वर येत होतं. दोन तीव्र वादळं एकाच वेळी अरबी समुद्रात, हे दृश्य क्वचितच दिसतं.

चक्रीवादळ जन्माला यायला काय काय लागतं याची यादी तशी छोटी आहे. समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर, आणि तेही नुसतं पृष्ठभागावर नाही, खोलवर. विषुववृत्तापासून थोडं अंतर, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा पीळ हवेला मिळतो. मधल्या थरात दमटपणा. आधीचा एखादा कमी दाबाचा पट्टा. आणि एक अट अशी, जिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही: खालच्या आणि वरच्या थरातल्या वाऱ्यांमध्ये फार फरक नसावा. गुऱ्हाळाच्या धुराड्यातून धूर सरळ वर चढत असतो आणि मध्येच आडवा वारा आला की तो मोडतो, तसं वादळाचं होतं. त्याची उष्णता एका उभ्या खांबात साठायला हवी. वरचा वारा खालच्याशी फटकून वाहिला की तो खांब तिरका होतो आणि वादळ उभंच राहत नाही.

म्हणून तर जुलै-ऑगस्टमध्ये, समुद्र तापलेला आणि हवा बाष्पानं भरलेली असूनही, आपल्याकडं मोठी चक्रीवादळं जवळपास होत नाहीत. खाली मोसमी वारे पश्चिमेकडून, आणि चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून येणारा वेगवान झोत. जो मोसमी पाऊस कोयनेचं धरण भरतो तोच अरबी समुद्रातली वादळं मोडून काढतो. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, आजही वर्गात सांगताना होतो. मग वादळांना मोकळीक मिळते ती मोसमी पावसाच्या दोन्ही टोकांना: एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर.

ऑक्टोबर ते डिसेंबर. तासगावच्या, मिरज-पलूसच्या, खानापूरच्या बागांत पोंगा (छाटणीनंतर निघणारी कोवळी फूट), फुलोरा, मणी धरणं हे सगळं याच काळात येतं.

आमच्या आजीच्या तोंडी होतं, पडतील स्वाती तर पिकतील मोती. सूर्य स्वाती नक्षत्रात असतो साधारण २४ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर. क्यार आणि महा या दोघांनीही जणू पंचांग बघूनच ते दिवस निवडले. आजीचं खोटं नव्हतं. तिचं रान ज्वारीचं होतं. शाळू उगवून वर आलेला असताना स्वातीचा एक पाऊस म्हणजे खरोखर मोती. नक्षत्रांवर बसवलेला हा सगळा ठोकताळा, मृगापासून स्वातीपर्यंत, पिढ्यान् पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेली सरासरी आहे, आणि ती कोरडवाहू पिकांसाठी काढलेली आहे. रान तेच राहिलं, पीक बदललं. ज्या पावसाची आजी वाट बघायची, त्याच पावसाला तिचा मुलगा घाबरतो.

"इथं कशाला वादळांचा अभ्यास?" या प्रश्नावर मी अलीकडं फोर्ट कॉलिन्सचं नाव सांगते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं, रॉकी पर्वताच्या पायथ्याचं शहर. जवळचा समुद्र हजार किलोमीटरहून दूर. तिथल्या विद्यापीठात विल्यम ग्रे हे प्राध्यापक होते. अटलांटिक महासागरात या हंगामात हरिकेन, म्हणजे तिकडची चक्रीवादळं, जास्त होतील की कमी, याचा अंदाज हंगाम सुरू होण्याआधी द्यायची सुरुवात त्यांनी १९८४ साली केली. ग्रे यांनी दाखवून दिलं की पॅसिफिकमध्ये एल निनो असला, म्हणजे पेरू देशाच्या किनाऱ्याकडचं पाणी नेहमीपेक्षा तापलं, की अटलांटिकमधली हरिकेन कमी होतात, कारण वरच्या थरातले वारे बदलतात आणि तोच तो उभा खांब मोडतो. समुद्र एक, वादळं दुसऱ्याच समुद्रात, आणि त्यांचा माग काढणारा माणूस डोंगराच्या कुशीत.

एल निनो आमच्याकडं कसा येतो हे सांगायला पुस्तक लागत नाही. २०१५ साली पॅसिफिकचं पाणी तापलं, मराठवाड्यात पाऊस सलग दुसऱ्या वर्षी तुटला, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरज जंक्शनवरून लातूरला पाण्याची रेल्वे सुटली. फलाटावर ती बघायला गर्दी जमायची. त्या गर्दीतल्या कुणालाही पेरूच्या किनाऱ्याशी आपला काही संबंध आहे असं वाटलं नसेल. पण म्हणून एल निनो म्हणजे दुष्काळ असं समीकरण मांडायला जावं, तर १९९७ आडवं येतं. गेल्या शतकातल्या सर्वांत बलवान एल निनोंपैकी एक, आणि भारतात पाऊस मात्र सरासरीएवढा. या कोड्याचा एक भाग उलगडला तो हिंदी महासागरात. १९९९ साली एन. एच. साजी, तोशियो यामागाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आपल्या महासागरालाही स्वतःची अशी चढउतार आहे: कधी आफ्रिकेकडची बाजू जास्त तापते आणि सुमात्राकडची गार पडते, कधी उलट. आफ्रिकेकडची बाजू तापलेली असली की अरबी समुद्राला उष्णता आणि बाष्प जास्त मिळतं. १९९७ साली तसंच होतं.

आणि २०१९ सालीही. फार तीव्र. त्या वर्षाकडं आता मागं वळून पाहिलं तर सगळे धागे एकमेकांत दिसतात. जूनमध्ये 'वायू' वादळानं मोसमी पावसाची वाट अडवली. महिनाअखेर देशात ३३ टक्के तूट. हंगाम संपला तेव्हा मात्र पाऊस सरासरीच्या ११० टक्के. मोसमी पावसाची माघार सुरू व्हायला ९ ऑक्टोबर उजाडला, नोंदींतली सर्वांत उशिराची तारीख. अरबी समुद्रात एरवी वर्षाला सरासरी एखादं चक्रीवादळ होतं. त्या वर्षी पाच झाली: वायू, हिक्का, क्यार, महा, पवन. आणि आमच्या एका जिल्ह्यात, एकाच ऑगस्टमध्ये, सांगलीत बोटी फिरत होत्या आणि जतला टँकर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिथून पूर्वेला माण-आटपाडीत पाचशेच्याही आत. कृष्णा-कोयनेच्या उगमापाशी पडणारा पाऊस आमच्या गावात पूर होऊन येतो आणि आमच्या डोक्यावरचं आभाळ कोरडंच असतं. इतका फरक जिथं आहे तिथं 'जिल्ह्याची सरासरी' हा आकडा मला नेहमी अपुरा वाटत आला आहे. त्यानं कुणाच्याच रानाचं वर्णन होत नाही. फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या एका हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते; पाऊस एका शिवारात ओततो आणि शेजारच्यात ऊन असतं, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

मला सगळ्यात जास्त म्हणायचंय ते मात्र याच्या पुढचं आहे.

द्राक्षाची फळछाटणी हा बागायतदाराचा वर्षातला सर्वांत मोठा निर्णय. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत केव्हाही करता येते. लवकर केली तर माल लवकर बाजारात, भाव चांगला. उशिरा केली तर पावसाची भीती कमी, पण भावाची जास्त. एकदा कात्री लागली की परत फिरता येत नाही: आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात, मग पोंगा, मग घड बाहेर पडतो, आणि साधारण ३५ ते ४५ दिवसांत फुलोरा. म्हणजे कात्री हातात घेणारा माणूस खरं तर चाळीस दिवसांपुढच्या आभाळावर पैज लावत असतो. सप्टेंबरच्या मध्याला छाटलेल्या बागा क्यारच्या तोंडात नेमक्या फुलोऱ्यात सापडल्या. त्याच गावात, त्याच जातीच्या, ऑक्टोबरच्या मध्याला छाटलेल्या बागा तेव्हा पोंग्यात होत्या आणि त्यातल्या बऱ्याच निभावल्या. कष्टात, खतात, औषधात काही फरक नव्हता. फरक तारखेचा होता.

आता हवामानशास्त्र या माणसाला काय देतं ते बघा. रोजचा अंदाज आठ-दहा दिवसांपर्यंत बरा चालतो. हंगामाचा अंदाज सांगतो की देशात पाऊस सरासरीच्या इतके टक्के. यांच्या मधोमध, तीन ते सहा आठवड्यांवर, बागायतदाराचा प्रश्न उभा आहे, आणि तिथंच विज्ञान सर्वांत अवघड होतं. तरी ती जागा अगदी अंधारी नाही. १९७१ साली रोलँड मॅडन आणि पॉल ज्युलियन या दोघांना विषुववृत्तालगत एक लाट सापडली. ढगांचा आणि पावसाचा एक प्रचंड पट्टा हिंदी महासागरातून पूर्वेकडं सरकत जातो, आणि ३० ते ६० दिवसांनी तसाच पुन्हा येतो. तो आपल्या महासागरावर असताना वादळ जन्मायची शक्यता वाढते, पुढं सरकला की कमी होते. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढतं, त्याचा मोठा आधार ही लाट. लाटेचा फेरा चाळीस-पन्नास दिवसांचा, छाटणी ते फुलोरा चाळीस दिवसांचा. हा योगायोगच, पण आमच्या भागात कुणी यावर मनापासून काम करायचं ठरवलं तर त्यातून बागायतदाराच्या हातात काहीतरी येईल असं मला ठामपणे वाटतं. 'पाऊस पडेल की नाही' याचं उत्तर नाही मिळणार. 'या पंधरवड्यात छाटलं तर फुलोऱ्यात सापडायची शक्यता किती, आणि पुढच्या पंधरवड्यात किती' याचं मिळू शकतं. माझ्या ओळखीचा प्रत्येक बागायतदार शक्यतेची भाषा पक्की जाणतो. भावाचा अंदाज तो रोज याच भाषेत बांधतो.

मग प्रश्न येतो नोंदींचा. आपल्याकडच्या वादळांचे मार्ग १८९१ पासून नकाशांवर काढून ठेवलेले आहेत, ही केवढी मोठी ठेव आहे! पण त्यातला पहिला पाऊणशे वर्षांचा भाग जहाजांच्या आणि बंदरांच्या नोंदींवर उभा आहे. ज्या वादळाच्या वाटेत जहाज आलं नाही ते झालंच नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकापासून विमानं हरिकेनमध्ये शिरून वारा आणि दाब मोजतात. अरबी समुद्रात तशी नेमाची सोय नाही. आपण उपग्रहाच्या चित्रातल्या ढगांच्या गुंडाळीवरून जोर ठरवतो, १९७० च्या दशकात व्हर्नन ड्वोरॅक यांनी घालून दिलेल्या पद्धतीनं. त्यामुळं २०१९ सारखी पाच वादळं १९०२ साली झाली होती असं नोंद म्हणते तेव्हा मी त्या १९०२ पुढं थबकते. न दिसलेली आणखी किती असतील?

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या मेधा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२१ चा अभ्यास सांगतो की १९८२ ते २००० या काळाच्या मानानं २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली आणि बंगालच्या उपसागरातली ८ टक्क्यांनी घटली. काळ उपग्रहांचा आहे, त्यामुळं मोजणीवर माझा विश्वास आहे. अरबी समुद्र तापतोय यात शंका नाही, आणि २०२० च्या जूनमध्ये श्रीवर्धनच्या बाजूला आलेलं निसर्ग, २०२१ च्या मेमध्ये किनाऱ्याकिनाऱ्यानं गुजरातला गेलेलं तौक्ते, हे त्याच दिशेनं बोट दाखवतात. पण मूळ संख्या लहान आहे, आणि एखादं २०१९ ती पुष्कळ हलवतं. कल आणि चढउतार वेगळे काढायला अजून वर्षं जावी लागतील. तोवर बागा उभ्याच आहेत.

समुद्राच्या नोंदी मी करू शकत नाही. गावाच्या करू शकते. तात्यांनी तेव्हापासून एक गोष्ट बदलली: ते सगळी बाग एकदम छाटत नाहीत. तीन तुकडे, दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं. खर्च वाढतो, मजूर तीनदा जमवावे लागतात, व्यापारी कुरकुरतो. यंदा मी गुरुवारचा अंदाज पाहून सांगितलं की मधला तुकडा आठवडाभर थांबवा, आणि त्यांनी विचारलं, "किती खात्रीनं सांगतीयास?" मी म्हटलं, दहात सहा. त्यांनी थोडा विचार केला आणि अर्धाच तुकडा थांबवला.

आमच्याकडच्या बागायतदारांच्या घरी छाटणीच्या वह्या असतात. कुठली तारीख, कुठली जात, कितव्या दिवशी फुलोरा, कुठल्या फवारणीनंतर पाऊस. सोनाका, तास-ए-गणेश, थॉम्पसन, सगळ्यांचं लिहिलेलं असतं. वीस-तीस वर्षांच्या अशा वह्या गावोगाव आहेत आणि वाळवीच्या तोंडी जाताहेत. त्या तारखा एका बाजूला, समुद्रातल्या वादळांच्या आणि त्या पूर्वेकडं जाणाऱ्या लाटेच्या तारखा दुसऱ्या बाजूला, असं मांडायला मी सुरुवात केली आहे. तासगाव, मिरज, पलूस, खानापूर, कवठेमहांकाळ, कुठल्याही गावातली वही चालेल, पानं फाटलेली असली तरी. फोटो काढून पाठवलेत तरी पुरे. २००९ आणि २०१९ ची पानं असतील तर ती आधी पाठवा.